झ्दानोवची बातमी

माझे यजमान केवलराम यांना साठी उलटल्यावर मिशा काळ्या करायची हौस आली, त्याला कारण रशिया आणि युक्रेनची लढाई. हसू नका, खरंच सांगते.

झालं असं, की बाबारावांच्या विक्कीने यूट्यूबवर चॅनल काढलं होतं. बाबाराव आणि हे स्टील प्लांटच्या प्लेट मिलमध्ये एकाच शिफ्टला. दोघे भंडाऱ्याकडून भिलाईत आले तेही बरोबरच, आणि सेक्टर सहामधली आमची क्वार्टरंसुद्धा पाठीला पाठ लावून. बाबाराव दोनएक वर्षांपूर्वी गेले. विक्कीने इंजिनियरिंग केलं, रायपूरला थोडे दिवस नोकरी केली, ती सोडली आणि सिविक सेंटरला एका दुकानावरची खोली घेऊन मुलाखती घ्यायला लागला. आधी तो नगरसेवकांना बोलवायचा. त्या मुलाखती त्या नगरसेवकांच्या बायकासुद्धा बघत नसतील. मग फेब्रुवारीत तिकडे लढाई पेटली आणि विक्की बघता बघता जागतिक राजकारणाचा जाणकार झाला.

मार्चमधली गोष्ट. आम्ही सिविक सेंटरला कूलरमध्ये लावायचा खस, म्हणजे वाळा, घ्यायला गेलो होतो. विक्की रस्त्यात माईक घेऊन उभा. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता की युद्धाबद्दल आपलं काय मत आहे. लोक ‘शांती होनी चाहिए’ म्हणून पुढे सटकत होते. माईक ह्यांच्यासमोर आला तेव्हा हे म्हणाले, “मी राहून आलो ना तिथं.”

झालं. खस राहिला बाजूला, आणि मी पाऊण तास पाणीपुरीच्या ठेल्याशेजारी उभी.

राहून आले होते हे खरं. लग्नाला आमच्या वर्षही झालं नव्हतं, तेव्हा प्लांटने ह्यांना ट्रेनिंगला पाठवलं होतं. गावाचं नाव झ्दानोव. समुद्राकाठचं गाव, मोठा स्टील प्लांट, आणि तिथली प्लेट मिल आमच्या इथल्या नव्या मिलची थोरली बहीण. आमचा प्लांटच रशियाच्या मदतीने उभा राहिलेला, त्यामुळे तेव्हा भिलाईत कोणालाही विचारा, तिकडून जो गोरा साहेब आला तो रशियन आणि इकडून जो ट्रेनिंगला गेला तो रशियाला गेला. त्या एका देशाच्या पोटात किती देश होते हे विचारायची आम्हाला कधी गरज पडली नाही. पुढे तो देश फुटला, त्याच्या बातम्याही आल्या, पण तोवर ह्यांना मिलमध्ये ओव्हरटाइम आणि मला घरात दोन मुली. कोणाला वेळ होता नकाशा उघडून बघायला.

झ्दानोवमध्ये ह्यांना न्यूमोनिया झाला होता. हॉस्टेलच्या खोलीत एकटेच पडून होते. मिलमध्ये ह्यांना मशीन शिकवणारा मिकोला नावाचा तरुण होता, तो बघायला आला आणि ह्यांना कांबळ्यात गुंडाळून सरळ आपल्या घरी घेऊन गेला. त्याच्या आईने ह्यांच्या छातीला कसलीशी चरबी चोळली, दुधातला भात भरवला आणि रात्रभर नवऱ्याचा जाड कोट ह्यांच्या अंगावर दाबून धरून बसली. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या नणंदेच्या स्वयंपाकघरात कुठे काय आहे हे मला सांगता येणार नाही, पण मिकोलाच्या आईची चूल कुठल्या भिंतीला होती ते सांगता येईल. मी चेष्टा करते, पण मनातलं सांगायचं तर त्या बाईने माझा नवरा मला परत दिला असंच मी मानते. मिकोला पुढे बरीच वर्षं नव्या वर्षाचं कार्ड पाठवायचा. मग ती कार्डं यायची थांबली.

तर विक्कीने ह्यांना चॅनलवर बोलावलं. ह्यांनी एकच प्रश्न विचारला, “हे रशियात दिसते का?”

“पूरी दुनिया में दिखता है, काका.”

“मतलब मिकोला पाहू शकते?”

“पाहीन ना तो. बिल्कुल पाहीन.”

एवढं ऐकल्यावर ह्यांनी निळा सफारी इस्त्रीला दिला आणि मिशांना रंग आणला. माझ्यासाठी कधी आणला नव्हता.

विक्कीच्या खोलीत मागे फ्लेक्सवर छापलेला जगाचा नकाशा होता आणि त्यावर दोन रणगाडे. खुर्ची अशी ठेवलेली की ह्यांच्या डोक्यामागे सगळा युरोप झाकला जायचा. विक्की काळं जॅकेट घालून हिंदीत विचारायचा, तेल महाग होईल का, अमेरिकेच्या मनात काय आहे, भारताने कोणाच्या बाजूने उभं राहावं. हे छाती काढून सांगायचे, “जिसने हमारा प्लांट बनाया उसके साथ.” बाकी ह्यांना तेलाचं काय कळतं, आमच्या घरातलं खाण्याचं तेल संपलं तरी कळत नाही. पण ह्यांचं बोलणं लोकांना आवडायला लागलं. आणि प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी हे कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायचे आणि म्हणायचे, “प्रिव्येत, मिकोला!” म्हणजे त्यांच्या भाषेत राम राम. विक्कीने ते कधी कापलं नाही, कारण खाली लोक हसण्याची चित्रं टाकायचे.

घरी मात्र वेगळा माणूस. सकाळी पेपर आला की हे चष्मा लावून लढाईचं पान वर-खाली वाचायचे. मग टीव्ही. कीव, खार्किव, मारियुपोल, कुठली कुठली नावं यायची. हे बोट फिरवत राहायचे आणि शेवटी पेपर मिटून म्हणायचे, “झ्दानोवची बातमी नाई आज बी.”

मग चहा भुरकायचे ते अगदी समाधानाने. ज्या गावाची बातमी नाही ते गाव सुखात आहे, असा त्यांचा हिशेब. मिकोला आता आपल्यासारखाच रिटायर झाला असन, नातवंडांना घेऊन समुद्रावर जात असन, असं मला रोज सांगायचे. त्या जगभरच्या राजकारणात ह्यांना खरी काळजी एकाच माणसाची होती. बाकी सगळं सफारीसाठी.

एप्रिलमध्ये मारियुपोलच्या स्टील प्लांटची बातमी आली. युक्रेनचे सैनिक आणि गावातली माणसं प्लांटच्या खालच्या तळघरांत जाऊन बसली आहेत आणि बाहेरून रशियाचा वेढा. विक्कीला सोन्याची खाण सापडली. त्याच्याकडे तर स्टील प्लांटचाच माणूस होता.

“काका, आप तो प्लांट के आदमी हैं. अंदर जो छुपे हैं, वो कैसे निकलेंगे?”

हे पुढे सरसावून बसले. प्लांटच्या पोटात काय काय असतं, केबलचे बोगदे, तेलाची तळघरं, पाण्याच्या लाइनी, हे हाताने दाखवत सांगितलं. आणि मग म्हणाले, “पानी बंद करो, हवा बंद करो, दो दिन में बाहर. नहीं तो उड़ा दो पूरा प्लांट. लोहे का क्या है, नया बन जाता है. हमने नहीं बनाया?” आणि लगेच, नेहमीसारखं, “प्रिव्येत, मिकोला!”

विक्कीने तेवढाच तुकडा कापून वेगळा टाकला. दोन दिवसांत तो सगळीकडे गेला. सिविक सेंटरला ह्यांना बघून पोरं ओरडायला लागली, “उड़ा दो काका!” न्हावी ह्यांना रांग सोडून आधी बसवायला लागला. ह्यांची चाल बदलली, खरंच सांगते, गुडघे दुखायचे तेही थांबले.

मला ते आवडलं नव्हतं. मी म्हणाले, “अवो, खाली मानसं बसले आहेत ना. तुमी पानी बंद करा म्हनता.”

“अवं, लढाई आहे ते. तुले काय समजते.”

“लढाई नाई समजत, पानी समजते,” मी म्हणाले आणि त्या दिवशी ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण फोन सारखा वाजत होता. टीव्हीवर त्या प्लांटचं नाव सांगायचे, पण ह्यांच्या तोंडी जन्मभर नुसतं ‘झ्दानोवची मिल’ होतं, आणि दिसायचा तो नुसता धूर. धुरात सगळे प्लांट सारखेच.

मे महिन्यात एका दुपारी विक्की आला. हे आत कूलरसमोर झोपले होते. विक्की स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसला आणि हळूच म्हणाला, “काकू, एक बात हो गई.”

त्याने ह्यांच्यावर एक खास भाग करायचं ठरवलं होतं, काकांचं जुनं गाव म्हणून. त्यासाठी झ्दानोवचे फोटो शोधायला बसला तर नकाशावर झ्दानोव सापडेचना. मग खूप खोदल्यावर कळलं, ते नाव सोव्हिएत काळातलं, कुठल्याशा पुढाऱ्याचं. तो देश फुटायच्या जरा आधीच ते काढून टाकलं आणि गावाला त्याचं जुनं नाव परत दिलं.

“कोनतं?” मी विचारलं.

“मारियुपोल.”

माझ्या हातात कैरी होती. ती मी खाली ठेवली. मला एकदम ह्यांचा तो हात आठवला, हवेत फिरवून बोगदे दाखवणारा.

विक्की बोलतच होता. “उद्या लाइव्ह ठेवू, काकू. मी आधी जुना फोटो दाखवीन, काका ओळखतीन. मंग मी सांगीन के यही है मारियुपोल. एकदम जेन्युइन रिअ‍ॅक्शन येईन. पूरा इंडिया पाहीन.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. हा पोरगा माझ्या ओट्यावर बसून लहानाचा मोठा झाला.

“विक्की, तुहे बाबा गेले तवा तुले कोनं सांगतलं?”

“काकांनी.”

“कसं सांगतलं?”

मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. बाबाराव गेले तेव्हा विक्की रायपूरला होता. हे स्कूटर घेऊन त्याला आणायला गेले, बाबांची तब्येत जरा बरी नाही एवढंच म्हणाले, आणि येताना कुम्हारीच्या ढाब्यावर त्याला बसवून पोटभर जेवायला घातलं. पोरगा दोन रोट्या जास्त खाईल म्हणून स्वतःही खाल्ल्या. हात धुतल्यावर पाठीवर हात ठेवून सांगितलं. आमच्यात असंच असतं. मयताची खबर उपाशी माणसाला द्यायची नाही, कारण नंतर त्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

“रिअ‍ॅक्शन पाहाची आहे तुले,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, आत कूलर चालू होता म्हणून बरं. “तुही रिअ‍ॅक्शन पायली होती का आमी? मान खाली घालून उभे होतो सारे.”

विक्कीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट नाहीये तो. त्या काळ्या जॅकेटने त्याला वाटायला लागलं होतं की समोर बसतो तो माणूस फक्त उत्तरं द्यायला असतो.

“मंग कसं करायचं, काकू?”

“संध्याकाळी ये. जेवन झाल्यावर.”

उन्हं कलली तशी मी स्वयंपाकाला लागले. वरण, भात, कैरीची चटणी, तळलेले पापड आणि ह्यांना आवडतात तसे तांदळाचे पानगे. ऊन पूर्ण उतरायच्या आतच ताट वाढलं. हे आधी खुशीत होते. पहिला भात झाला, दुसरा वाढला. मी तिसऱ्यांदा वरण घेऊन उभी राहिले आणि म्हणाले, घ्या ना थोडं.

ह्यांचा हात ताटात थांबला. त्यांनी पापडाकडे पाहिलं, पानग्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कोन गेलं, सिंधू?”

जन्मभर ह्यांनी हेच केलं होतं इतरांसाठी. ह्यांना कशी चकवणार होते मी.

“कोनी नाई गेलं. जेवा आधी.”

“मोठीकडं सारं ठीक आहे ना? लहानीकडं?”

“पोरी बऱ्या आहेत. तुमाले माही शपथ आहे, जेवा.”

ते जेवले. चव लागत नव्हती हे दिसत होतं, पण ताटातलं सगळं संपवलं, कारण माझी शपथ मोडायची नव्हती. हात धुऊन व्हरांड्यात येऊन बसले. विक्की फाटकाशी उभाच होता. त्याने जॅकेट घातलं नव्हतं. शेजारी बसला आणि फोनवरचा एक जुना, पिवळट फोटो ह्यांच्यासमोर धरला.

ह्यांनी फोन लांब धरून पाहिला आणि चेहरा उजळला. “अरे, झ्दानोव! हे पाय, सिंधू, हे प्लांटच्या चिमन्या, याच्या मांगं समुद्र. इथून आमी ट्राममध्ये बसो. कोठं भेटला तुले?”

“काका,” विक्की म्हणाला, “या गावाचं नाव नंतर बदललं. आता याले मारियुपोल म्हनतेत.”

हे हसतच होते. ते हसू लगेच गेलं नाही, चेहऱ्यावरच राहून गेलं, विसरल्यासारखं.

“नाई. मारियुपोल तं युक्रेनमध्ये आहे.”

“हाव. झ्दानोव बी तिथंच होतं. तवा एकच देश होता ना सारा.”

“मिकोला तं रशियन होता.”

“काका, मिकोला नाव तिकडचंच आहे. युक्रेनचं.”

शेजारच्या क्वार्टरमध्ये कोणी नळाची तोटी उघडली, पाणी बादलीत पडायला लागलं. हे ते ऐकत बसल्यासारखे बसले. विक्कीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“मी तं म्हनलं, पानी बंद करा,” हे म्हणाले. मग पुन्हा, “अन् वरून त्याले प्रिव्येत म्हनलं.”

मला रडू आलं. मी लपवलं नाही.

विक्कीने तो तुकडा तिथल्या तिथे काढून टाकला. पण तोवर तो किती जणांनी उचलून कुठे कुठे लावला होता कोण जाणे. कोणी त्याला गाणं जोडलं होतं, कोणी ह्यांच्या तोंडाला तोफ चिकटवली होती. विक्की एकेकाला लिहीत राहिला, काढा म्हणून. लोक हसायचे.

ह्यांनी दोन दिवस पेपरला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून साधा पांढरा सदरा घातला आणि म्हणाले, “विक्कीकडं जाऊन येतो. तू बी चाल.”

ती मुलाखत म्हणावी का, ठाऊक नाही. विक्कीने फ्लेक्स गुंडाळून ठेवला होता, मागे नुसती भिंत. त्याने एकच विचारलं, “बोलता का, काका?” हे हिंदीत सुरुवात करणार होते, पण तोंडातून मराठीच आली.

“मिकोला, मी केवल. भिलाईचा. ज्या गावाले मी उडवून टाका म्हनलं, ते तुहं गाव होतं. मले मालूम नव्हतं. पन मालूम नव्हतं म्हून काय झालं, कोनाचं ना कोनाचं तं गाव होतंच ते. मी खराब बोललो. तुह्या आईनं मले जितं ठेवलं, अन् मी तिच्या गावाचं पानी बंद करा म्हनलं. तू कोठं आहेस, तुहे लेकरं कोठं आहेत, कोनी सांगा मले. शिव्या द्याच्या असतीन तं त्या बी द्या. पन सांगा.”

मग त्यांना आठवतील ते तिकडचे शब्द त्यांनी जोडून पाहिले. मिकोला, मिल, गल्लीचं नाव. विक्कीने त्या भाषेत खाली भाषांतर लावलं, इंग्रजीतही लावलं, आणि गावाची दोन्ही नावं घातली.

‘उड़ा दो’ बघणाऱ्यांपैकी चिमूटभर लोकांनीसुद्धा हे पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी लिहिलं, काकांनी पलटी खाल्ली, काकांना पैसे मिळाले. न्हाव्याकडे ह्यांना पुन्हा रांगेत बसावं लागलं. मिशा हळूहळू पांढऱ्या झाल्या, गुडघे परत दुखायला लागले. मी त्या मिशांवरून एक शब्द बोलले नाही. मला त्या पांढऱ्याच बऱ्या वाटत होत्या, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

ह्यांनी मुलाखती बंद केल्या. विक्की मात्र रोज संध्याकाळी यायचा आणि खाली कोणी काय लिहिलंय ते वाचून दाखवायचा, शिव्या गाळून. हे म्हणायचे, “शिव्या बी वाच. त्यायच्यात एखादी तिकडची असन.” एकीकडे टीव्हीवर त्या गावाची मोडकी घरं दिसायची. हे एकेका घराजवळ डोळे नेऊन बघायचे. आधी ज्या गावाची बातमी नव्हती, त्या गावाची आता बातमीच बातमी होती. रात्री झोपेत कूस बदलताना म्हणायचे, “त्यानं ऐकलं असन का, सिंधू?” मिकोला जिवंत आहे की नाही, यापेक्षाही त्यांना हे खात होतं, की तो एखाद्या तळघरात तहानलेला बसला असेल आणि कोणीतरी त्याला फोनवर तो तुकडा दाखवला असेल. मी म्हणायचे, नाही ऐकलं. ते विचारायचे, तुला कसं माहीत. मला कुठे माहीत होतं.

गणपती बसायच्या दोन-चार दिवस आधी विक्की भर सकाळी आला. फाटकातच मला विचारलं, “काकू, काका जेवले का?”

मी आत गेले, गरम भाकरी केली, ह्यांना वाढली. ह्यांनी ताटाकडे पाहिलं, व्हरांड्यात बसलेल्या विक्कीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने जेवले. या खेपेला विचारलंसुद्धा नाही.

पत्र मिकोलाच्या मुलीचं होतं. लेस्या नाव तिचं. विक्कीने एक-एक वाक्य मराठीत करून सांगितलं, अडखळत. तिच्या वडिलांच्या मिलमधल्या एका बाईने तिला तो व्हिडिओ पाठवला होता. ती आणि तिची आई आता दुसऱ्या देशात आहेत. घर राहिलं नाही. आजी कधीच गेली. आणि वडील गेले त्यालाही बरीच वर्षं झाली, हिवाळ्यात, हार्टने, घरी. तिने लिहिलं होतं, बाबा तुमच्याबद्दल सांगायचे, एक भारतीय होता, हाताला मोजे आणि पायाला मोजे घालून झोपायचा, आणि आमच्या सूपमध्ये मिरची टाकायचा. तुमचा आधीचा व्हिडिओही मी पाहिला आहे. त्यावर मला काही लिहायचं नाही.

एवढंच होतं.

“घरीच गेला?” ह्यांनी विचारलं.

“हाव, काका.”

“लढाईच्या आधी?”

“बहुत पहले.”

“बरं झालं,” हे म्हणाले. “मतलब त्यानं माहं ऐकलं नाई. बरं झालं.”

आणि मग आपण कशाला बरं झालं म्हणालो हे त्यांना कळलं. मी ह्यांना ह्यांच्या आईच्या वेळी रडताना पाहिलं होतं, बाबारावांच्या वेळी पाहिलं होतं. असं नव्हतं पाहिलं. तोंड उघडं आणि आवाज नाही. आम्ही दोघांनी त्यांना धरलं.

बऱ्याच वेळाने म्हणाले, “पोरीनं ऐकलं पन.”

विक्कीने मान खाली घातली.

हे उठले. “सिंधू, पानी काढ.”

“सकाळी झाली ना आंघोळ?” म्हणता म्हणता मी थांबले. आपलं माणूस गेल्याची खबर वर्षांनी कानावर आली तर सुतक उरत नाही, पण ऐकल्या पावली अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यावं लागतं. आंघोळीचं सुतक म्हणतात त्याला. ते भावकीसाठी असतं, परक्यासाठी नसतं. मी वाद घातला नाही. मागच्या अंगणात बादली लावली.

हे सदऱ्यासकट दगडावर बसले. मी तांब्या भरून हातात दिला. विक्की मागोमाग येऊन भिंतीपाशी उभा राहिला होता.

“काका,” तो म्हणाला, “मी बी घेऊ का पानी? प्रश्न तं मीच विचारला होता.”

ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही.

“घे. मिकोला तुहा बी काका लागते,” ते म्हणाले. “पन विक्की, हे सुतकाचं पानी आहे. बोललेलं नाई धुतल्या जात यानं.”

त्यांनी तांब्या डोक्यावर ओतला. विक्की चपला काढून त्यांच्या शेजारी येऊन बसला, आणि मी दुसरी बादली लावायला गेले.